छाननीच्या टेबलावरील मतदाराचा हक्क

(वाराणसीच्या शिंदे घाटावर मराठी भाषक पक्षसदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बसलो आहोत तो घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० साली बांधविला. त्या इतिहासावर बोलणाऱ्यांची या शहरात वाण नाही. मला बोलावयाचे आहे ते याच मतदारसंघात १ मे २०१९ रोजी, म्हणजे कामगार दिनी, जे घडले त्याविषयी.

सीमा सुरक्षा दलाचे जवान तेज बहादूर यादव यांनी जानेवारी २०१७ मध्ये निकृष्ट जेवणाची चित्रफीत प्रसृत केली आणि एप्रिलमध्ये ते बडतर्फ झाले. २०१९ साली त्यांनी येथे पंतप्रधानांविरुद्ध प्रथम अपक्ष व नंतर समाजवादी पक्षातर्फे अर्ज भरला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमान्वये, मागील पाच वर्षांत बडतर्फ झालेल्या सरकारी नोकराने, बडतर्फीचे कारण भ्रष्टाचार वा राज्याशी बेइमानी हे नव्हते, असे निवडणूक आयोगाचे प्रमाणपत्र अर्जाला जोडावे लागते. ते जोडलेले नव्हते. ३० एप्रिलला नोटीस निघाली. मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंतची! अर्ज फेटाळला गेला.

कायद्याचे अक्षर अधिकाऱ्याच्या बाजूने होते, हे आपण मान्य केले पाहिजे. प्रश्न पुढचा आहे. दाद कोठे मागावयाची? घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने निवडणूक चालू असता न्यायालयाचे दार बंद ठेवले आहे. नामक्कलच्या पोन्नुस्वामी यांचा अर्ज नाकारला गेला तेव्हा, जानेवारी १९५२ मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तक्रार निकालानंतर निवडणूक याचिकेद्वारे करावी. हेतू समजण्याजोगा होता. प्रत्येक अर्जावर खटला चालला तर मतदान व्हावयाचे केव्हा? परंतु यादव यांची याचिकाही अलाहाबाद उच्च न्यायालयाने आणि २४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ते येथील मतदार नव्हते, आणि प्रमाणपत्राअभावी 'उमेदवार'ही ठरत नव्हते! अधिनियमाच्या व्याख्येत उमेदवार म्हणजे रीतसर नामनिर्देशित झालेली किंवा तसा दावा करणारी व्यक्ती. भाषांतराचे काम करणारा माणूस अशा शब्दापाशी अडतो. दाव्याचा निवाडा याचिकेच्या उंबरठ्यावरच व्हावयाचा असेल, तर 'दावा' हा शब्द तेथे घातला कशासाठी?

सुरतेत तर मतपत्रिकाच उरली नाही. एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी सह्या आपल्या नाहीत असे प्रतिज्ञेवर सांगितले, २१ तारखेला अर्ज बाद झाला, दुसऱ्या दिवशी उरलेल्यांनी माघार घेतली आणि भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. त्या शहरातील मराठी गिरणी कामगारालाही मतदान केंद्रावर जावयाचे कारण राहिले नाही.

म्हणून आपली मागणी अशी असावी की, छाननी आणि माघारीची मुदत यांच्या दरम्यान, दोन दिवसांत निर्णय देणारे न्यायिक अपील असावे. त्याने मतदान लांबणार नाही.

पैशाचेही तसेच. १९६७ साली येथून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सत्यनारायण सिंह लोकसभेवर गेले तेव्हा अनामत ५०० रुपये होती. आज ती २५,००० आहे.

तोवर शाखांनी काय करावे? ज्या राज्यात पक्षाला मान्यता नाही तेथे एक नव्हे, दहा सूचक लागतात, आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. त्यांची नावे यादीतील भाग व अनुक्रमांकासह आधीच पडताळून ठेवावीत. प्रतिज्ञापत्रातील एकही रकाना कोरा सोडू नये. आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनला दार बंद होते. अर्ज दोन दिवस आधी द्यावा.