ताय ची : तोल आणि तत्त्व

चीनमधील मोठ्या शहरांतील सार्वजनिक उद्यानांत भल्या पहाटे एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. वीस-पंचवीस स्त्रीपुरुष, त्यांतील बरेचसे साठी उलटलेले, रांगेने उभे असतात. सर्वांचे हात एकाच वेळी संथपणे वर येतात, धड सावकाश वळते आणि एक पाय उचलून अलगद पुढे ठेवला जातो. कोणास धाप लागत नाही की कोणी घाई करीत नाही. पाहणाऱ्यास वाटावे, हा एखादा नृत्यप्रकार आहे. वस्तुतः ही युद्धविद्या आहे. तिचे पूर्ण नाव ताय ची च्वान, आणि त्यातील ‘च्वान’ या शब्दाचा अर्थ मूठ, म्हणजेच मुष्टियुद्ध असा आहे. लढण्यासाठी निर्माण झालेली विद्या वृद्धांचा व्यायाम कशी झाली आणि तिच्या नावात असलेल्या तत्त्वज्ञानाचा शरीरस्वास्थ्याशी काही खरा संबंध आहे की तो केवळ अलंकार आहे, हे दोन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

प्रथम नावाचाच अर्थ पाहावा. यातील ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु प्राण किंवा श्वास या अर्थाचा चिनी शब्द निराळा आहे. येथील ‘ची’चा मूळ अर्थ घराचे आढे. ‘ताय’ म्हणजे अत्युच्च. आढे एकच असते, पण त्यावरून छपराचे उतार मात्र दोन्ही बाजूंना जातात. त्याचप्रमाणे ज्या एका परम तत्त्वापासून विश्वातील सारी द्वंद्वे निघाली, त्यास चिनी तत्त्वचिंतकांनी ताय ची म्हटले. त्या द्वंद्वांची नावे यिन आणि यांग. डोंगराची सावलीची बाजू ती यिन व उन्हाची बाजू ती यांग, असा या शब्दांचा आरंभीचा साधा अर्थ आहे. सूर्य जसजसा सरकतो तसतशी ऊन-सावलीही सरकते. म्हणूनच यिन आणि यांग हे एकमेकांचे वैरी नव्हेत. एक परिपक्व झाले की त्यातूनच दुसऱ्याचा उदय होतो. ‘यी चिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या परिशिष्टात ताय चीचा उल्लेख येतो. पुढे अकराव्या शतकात चौ तुन-यी (१०१७ ते १०७३) या विचारवंताने एका आकृतीच्या आधारे ही कल्पना सुसूत्रपणे मांडली. गती पराकोटीस गेली की विश्रांती येते आणि विश्रांती पूर्ण झाली की पुन्हा गती सुरू होते, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. लाओत्सेच्या नावावर असलेल्या ग्रंथातील मृदुतेचा महिमाही याच विचाराशी जुळतो. पाण्याहून मऊ काही नाही, तरी कठीण खडक झिजतो तो पाण्यानेच, हे त्या परंपरेचे आवडते उदाहरण होय.

या तत्त्वाचे युद्धविद्येत रूपांतर कोणी केले? लोकपरंपरा वूतांग पर्वतावरील चांग सानफेंग नावाच्या सिद्ध पुरुषाकडे बोट दाखविते. तथापि १९३० नंतरच्या दशकात तांग हाव या संशोधकाने प्रत्यक्ष गावी जाऊन घराण्यातील कागदपत्रे तपासली आणि या विद्येचे मूळ हेनान प्रांतातील चेनच्याकौ या खेड्यात, सतराव्या शतकातील चेन वांगथिंग या योद्ध्यापाशी असल्याचे प्रतिपादन केले. त्या घराण्याने ही विद्या पिढ्यानपिढ्या आपल्यापाशीच राखली. एकोणिसाव्या शतकात चेन छांगशिंग याने यांग लूचान (१७९९ ते १८७२) या बाहेरच्या शिष्यास ती शिकविली, आणि लूचानने ती पेकिंगमध्ये नेली. त्याचा नातू यांग छेंगफू (१८८३ ते १९३६) याने उड्या, आघात व एकाएकी येणारे वेग बाजूस सारून संथ, सलग आणि मोकळ्या हालचालींची पद्धत रूढ केली. सर्वसामान्य माणसास पेलेल असा व्यायाम खऱ्या अर्थाने येथून घडला. १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग पद्धतीवरून चोवीस हालचालींचा एक सुलभ क्रम सिद्ध केला. तो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो, आणि जगभर आज तोच अधिक प्रचारात आहे. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताय ची च्वानचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आता मुख्य मुद्दा. ताय चीच्या अभ्यासात गुरू पहिल्या दिवसापासून एक गोष्ट सांगतो: एक पाय ‘भरलेला’ असावा आणि दुसरा ‘रिकामा’. शरीराचा भार ज्या पायावर आहे तो भरलेला. ज्यावर नाही तो रिकामा. पाऊल टाकताना रिकामा पाय आधी जमिनीस केवळ स्पर्श करतो आणि त्यानंतर त्यात भार हळूहळू ओतला जातो. एक पाय भरत असता दुसरा तितकाच रिता होत जातो. गुडघे किंचित वाकलेले, पाठीचा कणा सरळ, खांदे सैल आणि श्वास खोल; हालचाल कोठेही तुटता कामा नये. कोशातून रेशमाचा धागा उलगडताना हिसका बसला तर तो तुटतो, आणि ओढ थांबली तर गुंततो, तशी ही गती असावी, असे जुने आचार्य शिकवीत. यिन आणि यांग यांचे परस्परांत होणारे रूपांतर येथे ग्रंथात न राहता मांडी, गुडघा आणि घोटा यांत उतरते.

याचे मोल म्हातारपणी कळते. वृद्धांच्या आयुष्यात पडणे ही किरकोळ गोष्ट नसते. रात्री उठताना, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर किंवा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, आणि काल हिंडणारे माणूस अंथरुणास खिळते. हाड मोडले नाही तरी पुन्हा पडण्याची भीती मनात घर करते. त्या भीतीने हिंडणे कमी होते, हिंडणे कमी झाल्याने पाय दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांमुळे पडण्याचा धोका वाढतो. हे चक्र औषधाच्या गोळीने तुटत नाही.

अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तरी ओलांडलेल्या २०० व्यक्तींवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटास पंधरा आठवडे ताय ची शिकविण्यात आली. दुसऱ्या गटास यंत्राच्या साहाय्याने तोल सांभाळण्याचे शिक्षण देण्यात आले. तिसऱ्या गटाशी केवळ आरोग्यविषयक चर्चा झाली. ताय ची करणाऱ्यांत वारंवार पडण्याचा धोका सुमारे ४७ टक्क्यांनी उणावला. मौज अशी की, फळीवर उभे करून शरीराची डुलकी मोजली, तेव्हा यंत्रावर शिकलेले लोक अधिक स्थिर दिसले. ताय चीवाल्यांच्या डुलण्यात फारसा फरक पडला नव्हता. तरी पडणे घटले ते त्यांचे, आणि पडण्याची भीती ओसरली तीही त्यांचीच. स्थिर उभे राहणे आणि न पडणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हाच याचा बोध आहे. माणूस डुलतो म्हणून पडत नाही. डुलल्यानंतर भार वेळेवर दुसऱ्या पायावर नेता येत नाही, तेव्हा पडतो. ‘भरलेल्या’ आणि ‘रिकाम्या’ पायांचा अभ्यास नेमकी हीच विद्या शिकवितो.

पुढील काळातील संशोधनाने या निष्कर्षास पुष्कळ बळकटी आली. ऑरेगॉन येथे कंपवाताच्या १९५ रुग्णांना चोवीस आठवडे निरनिराळे व्यायाम देण्यात आले, तेव्हा तोल सांभाळण्यात ताय चीचा गट सरस ठरला. ही पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच राज्यात सत्तर वर्षांवरील ६७० व्यक्तींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेने ताय ची करणाऱ्यांचे पडणे ५८ टक्क्यांनी कमी आढळले. गुडघ्याच्या झिजेने पीडित अशा २०४ रुग्णांवरील २०१६ च्या पाहणीत ताय ची ही प्रचलित भौतिकोपचाराइतकीच गुणकारी ठरली, आणि मनाची खिन्नता घालविण्यात तर ती किंचित पुढेच राहिली.

याचा अर्थ ताय ची सर्व रोगांवर रामबाण आहे, असा मात्र करू नये. अटलांटाच्याच परिसरात अधिक अशक्त अशा ३११ वृद्धांवर अठ्ठेचाळीस आठवडे प्रयोग झाला. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा पडण्याच्या प्रमाणात काही घट दिसली, पण ती योगायोगाची नव्हे असे खात्रीने म्हणण्याइतकी नव्हती. शरीर फार खचण्यापूर्वीच आरंभ करणे हिताचे, हा विचार यावरून सुचतो. गुडघे दुखत असतील तर ते कमी वाकवावेत. चक्कर येत असेल किंवा हृदयविकार असेल तर वैद्याचा सल्ला आधी घ्यावा. आणि चालू औषधे आपल्या मताने बंद करू नयेत. सुरुवातीस खुर्चीची पाठ हाताशी ठेवून भार या पायावरून त्या पायावर सावकाश नेण्याचा अभ्यास केला, तरी विद्येचे पहिले पाऊल पडले असे समजावे. या व्यायामास उपकरण लागत नाही, वेष लागत नाही आणि जागाही चार हात पुरते. नियमितपणा मात्र लागतो. वर सांगितलेले सारे गुण आठवड्यातून दोन-तीन वेळा, महिनोन्महिने केलेल्या अभ्यासाचे आहेत.

ताय चीचे तत्त्वज्ञान हा अलंकार की मर्म, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. प्राचीन चिनी विचारवंतांनी वृद्धांच्या खुब्याचा विचार केला नव्हता, आणि अटलांटाच्या डॉक्टरांना यिन-यांग सिद्ध करावयाचे नव्हते. तरीही दोघे एकाच ठिकाणी येऊन पोहोचले. तोल म्हणजे एकदा मिळवून कायम राखण्याची वस्तू नव्हे. तो क्षणोक्षणी जातो आणि क्षणोक्षणी परत मिळवावा लागतो. ज्याच्या अंगात वळण्याची आणि झुकण्याची शक्ती शिल्लक आहे, त्यास तो परत मिळतो. ज्याने पडण्याच्या भीतीने अंग ताठ करून घेतले, त्याच्या हातून तो लवकर निसटतो. पहाटे उद्यानात एकेक पाऊल जपून भरणारी आणि रिते करणारी वृद्ध माणसे हीच गोष्ट रोज नव्याने शिकत असतात.