हांकणारा आणि सुकाणू धरणारा



मोटारीच्या ज्या चाकाला आपण ‘स्टिअरिंग’ म्हणतों, त्या शब्दाचें मूळ रस्त्यावर नाहीं, पाण्यांत आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा पूर्वज नावेच्या सुकाणूचा वाचक होता. तें सुकाणू-वल्हें नावेच्या उजव्या अंगास बांधीत, म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’. पहिल्या मोटारींनाही नावेसारखा दांडाच असे. १८९४ सालच्या पॅरिस-रुआं शर्यतींत वाशेरों यानें आपल्या मोटारीस गोल चाक बसविलें. आपला ‘सुकाणू’ हाही खलाशांचाच शब्द. तो अरबी ‘सुक्कान’वरून आला.

इंग्रजींत ‘स्टिअर’ म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हाही होतो. आम्हां वऱ्हाडकरांस सहज वाटावें कीं, बैलावरूनच गाडी वळविण्याचा शब्द निघाला. परंतु उच्चार एक असला तरी दोन्ही शब्दांचीं कुळें निराळीं आहेत. गुरांशीं खरा संबंध आहे तो ‘ड्राइव्ह’चा. त्याचा मूळ अर्थ मागून रेटणें, गुरें पुढें घालणें. आपलें ‘हांकणें’ हेंही तसेंच. त्यांत हांक आहे आणि पराणीही आहे.

मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूर येथें जाणारी अडीच फुटी रुळांची ‘शकुंतला’ आतां बंद आहे. १९९४ पर्यंत ती वाफेवर चाले. तिच्या ड्रायव्हरच्या हातीं वेग होता, दिशा नव्हती. दिशा रुळांनीं आधींच ठरविलेली असे. आज रेल्वे त्या हुद्द्यास ‘लोको पायलट’ म्हणते. या ‘पायलट’चें मूळ वल्ह्याच्या ग्रीक शब्दांत सांपडतें, हा मौजेचा योग होय!

राज्यकर्त्यासही हेंच रूपक लाभलें. ‘गव्हर्नर’ हा शब्द लॅटिनमधून मागें नेल्यास नाव हांकारण्याच्या ग्रीक क्रियापदापर्यंत पोंचतो. आपण मात्र पुढाऱ्यास ‘धुरंधर’ म्हणतों. आणि धुरंधर म्हणजे मुळांत धुरा वाहणारा बैल. ‘धुरीण’ही त्याच घरचा, आणि आमच्याकडे बैलगाडी हांकणारा ‘धुरकरी’ही त्याच घरचा. म्हणजे ज्यानें मार्ग दाखवावा, त्यानें भारही वाहावा, अशी आपल्या भाषेची अपेक्षा दिसते.

शब्दांची ही चिकित्सा केवळ पंडितांची करमणूक नव्हे. पस्तीस वर्षें मुलांसमोर उभें राहिल्यावर मला वाटतें कीं, प्रत्येक पालकानें व शिक्षकानें स्वतःस विचारावें : मी मुलाला हांकतों आहें, रुळांवर ढकलतों आहें, कीं त्याचें सुकाणू धरून बसलों आहें? हांकलेलें मूल पराणी दिसेनाशी होतांच थांबतें. रुळांवरचें मूल रूळ संपले कीं गोंधळतें. सुकाणूचा धर्म निराळा आहे. नाव थांबलेली असेल, तर सुकाणू कितीही फिरवा, ती वळत नाहीं. मुलाच्या ठायीं स्वतःची गति यावी लागते. ती आल्यावर मात्र हाताचा थोडा कल पुरतो. आणि एक दिवस तें सुकाणू त्याच्याच हातीं देऊन आपण बाजूस बसावें, हेंही त्याच विद्येंत येतें.