नागनदीचे पाणी पुढे कुठे जाते?

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मी आयुष्यभर वृत्तपत्रात काम केले. आमच्याकडे पाणीपुरवठ्याच्या बातम्या एक वार्ताहर पाहत असे आणि मलनिस्सारणाच्या दुसरा. दोघांची टेबले शेजारी होती. पण घरात आलेले पाणी घराबाहेर पडल्यावर कुठे जाते, हा प्रश्न कुणाच्याच वाट्याला येत नसे. माझ्याही आला नाही. आज तोच आपल्यापुढे ठेवतो आहे.

आपल्या शहराला नाव दिले ते नागनदीने. लाव्हाच्या टेकड्यांत उगम पावून ती अंबाझरीत येते आणि तेथून शहराच्या काळजातून वाहते. गोंड राजा चांद सुलतानने ओढा अडवून जुम्मा तलाव केला. आज आपण त्याला गांधीसागर म्हणतो. अंबाझरीचे पाणी १८७० च्या सुमारास नळाने शहरात आले. पुढे गोरेवाडा, कन्हान आणि शेवटी पेंच. दुरून पाणी येऊ लागले आणि दारातल्या नदीची गरज संपली. कमावता हात थकल्यावर काही घरांत वडीलधाऱ्यांचे जे होते, तेच तिचे झाले. ती नाला झाली. बोलीतही आपण तिला नालाच म्हणू लागलो!

पेंचवर विसंबणे किती नाजूक आहे, हे २०१९ च्या जुलैत कळले. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्याने तोतलाडोहात येणारे पाणी घटले होते, त्यात पाऊस लांबला. नागपूरकरांना दिवसाआड पाणी घ्यावे लागले. चार वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, याच शहरात चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी ओसंडला, वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली. पाणी कमी होते तेव्हाही आपली तयारी नव्हती आणि जास्त झाले तेव्हाही नव्हती. सांडव्यासमोर उभारलेले स्वामी विवेकानंदांचे स्मारक प्रवाहाला अडथळा ठरते, अशी तक्रार घेऊन नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. हा विषय आपल्याला अवघड वाटतो, म्हणूनच येथे काढतो. स्वामीजींविषयी आदर असणाऱ्यांनी पाण्याची वाट मोकळी करण्याची मागणी सर्वांत आधी करायला हवी होती.

आता नदीबरोबर थोडे खाली चला. पिली नदीला सोबत घेऊन नाग कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ येथेच रचला, अशी वैदर्भीय परंपरा सांगते. अंबाजोगाईकरांचे म्हणणे वेगळे आहे, तो वाद राहू द्या. वाद नाही तो एवढ्याच गोष्टीवर, की आपले सांडपाणी त्या पवित्र संगमावरून गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. १९८८ मध्ये भूमिपूजन झालेल्या या धरणासाठी भंडारा-नागपूरच्या गावांनी जमिनी दिल्या. मोबदल्यात त्यांच्या काठाला आपली घाण लागली.

आणि ती तेथेच थांबणार नाही. वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. गोसीखुर्दचे सुमारे ६२ टीएमसी पाणी ४२६ किलोमीटर कालव्यांतून थेट बुलढाण्यापर्यंत न्यायचे आहे. पश्चिम विदर्भातील शेतकऱ्याला पाण्याची किती निकड आहे, हे मी वेगळे सांगायला नको. योजना व्हावीच. परंतु ज्या जलाशयातून कालवा निघणार, त्याच्या तोंडाशी नागपूरचे गटार सोडून ठेवायचे, हे कोणते नियोजन? खर्च जोड प्रकल्पाच्या आराखड्यात आणि गटारवाहिन्या महापालिकेच्या आराखड्यात. पाणी मात्र एकच. म्हणून क्रम ठरला पाहिजे: आधी नाग आणि पिली शुद्ध, मग कालवा.

हे अशक्य नाही. भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. तितके पेंचचे पाणी वाचते. सांडपाणी विकून शहराला उत्पन्न होते, हे ऐकून माझे एक ज्येष्ठ सहकारी हसले होते. नागनदी शुद्धीकरणाच्या सुमारे १९२७ कोटींच्या योजनेलाही केंद्राने २०२२ मध्ये मंजुरी दिली. पण काठच्या प्रत्येक घराची वाहिनी योग्य गटाराला जोडलेली नसेल, तर केंद्र कितीही मोठे बांधा, त्याच्यापर्यंत सांडपाणी पोहोचणारच नाही.

मागील वर्षी मी आमच्याच घराचे पाहिले. सांडपाणी कुठे जाते, हे सांगता येईल असा माणूस मिळायलाच तीन आठवडे लागले. शेवटी प्लंबरने झाकण उचलून दाखवले: पंचवीस वर्षे ते पावसाळी नालीत जात होते, आणि नाली नदीत. जोडणी बदलायला दोन दिवस लागले. शेजारच्या चार घरांची झाकणे अजून उघडायची आहेत.