खोली दोघांची, किल्ली कुणाकडे?



क्रांती चौकात आपण एरवी जमतो ते विभागीय आयुक्त कार्यालयावर मोर्चा न्यायला. १८५७ च्या बंडातल्या सैनिकांना मृत्युदंड दिला गेला, ती काळ्या चबुतऱ्याची जागा ही. इथे मी आज बहीण-भावाच्या झोपायच्या खोलीवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हसा, पण ऐका.

सिडकोतल्या लहान घरांवर लोकांनी एकेक खोली चढवली, ‘मुलांची खोली’ म्हणून. आत जाऊन पाहा. टेबल मुलाचं, कारण तो दहावीला. पलंग त्याचा, भिंतीवरचे क्रिकेटवाले त्याचे. बहीणही इथेच राहते, आई सांगते. तिचं काय आहे इथे? दाराआडची एक खुंटी आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी. आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं तेव्हा साठवणीचे ड्रमही तिच्याच कोपऱ्यात. ती खाली गादी टाकते, पहाटे गुंडाळून ठेवते. म्हणजे दिवसा त्या खोलीत तिची खूणसुद्धा उरत नाही! दिवा कधी मालवायचा, हे तो ठरवतो.

जागा कमी आहे, मान्य. पण कमी जागाही समान वाटता येते. टेबल एकच असेल तर वेळ वाटा, आणि तिच्या वेळात तिला भाकऱ्या थापायला हाक मारू नका. दिवे दोन लावा. रात्री वाचायला कुणाची परवानगी लागू नये. गुलमंडीवरून कापड आणायला पैसे नसतील तर जुन्या सुती साडीचा पडदा चालतो, मधे दोरी बांधली की झालं. रंग कुठला, चित्रं कुणाची, हे दोघांना विचारा. आणि तिला कुलूप लागेल असा एक खण द्या. पाळीचे कपडे, वही, साठवलेले चार पैसे ठेवायला. किल्ली तिच्याकडेच. ‘मुलीला कसली आलीत गुपितं?’ असं विचारणाऱ्या आयांना मी विचारते, तुमचा डबा तुम्ही डाळीत का लपवता?

आता ही खोली कायद्यात कशी होती, तेही पाहू. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या कलम २३ प्रमाणे राहत्या घरात स्त्री वारसाला वाटणी मागताच येत नसे. पुरुष वारस हिस्से पाडायचं ठरवतील तेव्हाच. मुलीला फक्त राहायचा हक्क, तोही ती अविवाहित, विधवा, किंवा नवऱ्याने टाकलेली अथवा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल तरच. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. कलम २३ गेलं ते थेट २००५ साली. तोवर तिची खुंटी कायद्यानेही दाराआडच होती म्हणा ना. आपल्या मुस्लिम मैत्रिणींना हा कायदा लागू नाही. त्यांच्याकडे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे. तो तरी किती जणींच्या हाती पडतो, ते इथे बसलेल्या आपाच सांगतील.

आणि हक्कसोडपत्रावर सही मागायला भाऊ येतो, तेव्हा तो काय म्हणतो? ‘ताई, तुझी खोली आहेच की इथे.’ कुठली खोली?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरातल्या मुलांच्या खोलीचा नकाशा कागदावर काढून आणा. कोण कुठे झोपतं, दिव्याचं बटण कुणाच्या हाताशी आहे, किल्ली कुणाकडे आहे, सगळं लिहा. मुलींनाही वेगळा काढू द्या. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बोलू.