खंदकांतील पितळी लायटर

ओली काडी कितीही घासली तरी पेटत नाहीं. पहिल्या महायुद्धांत पश्चिम आघाडीवरील सैनिकांना हा अनुभव रोज येत असे. खंदकांत गुडघाभर चिखल, वर पाऊस आणि अंगावर भिजलेला कोट. शिध्याबरोबर तंबाखू मिळे, पण ती पेटविण्यास कोरडी काडी मिळेलच असा भरंवसा नसे. या अडचणींतून एक लहानशी पितळी वस्तु जन्मास आली. रिकामीं काडतुसें, तोफेच्या गोळ्यांचीं कवचें, गणवेषाच्या गुंड्या आणि नाणीं यांपासून घडविलेले ते लायटर आज शंभराहून अधिक वर्षांनंतर संग्राहक आवडीनें जमवितात. परंतु जमविणें सोपें आणि ओळखणें कठीण, अशी या वस्तूंची स्थिति आहे.

या लायटरांचे मुख्य प्रकार दोन. पहिला दोरीचा. सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली सुती दोरी पितळी नळींतून थोडी वर ओढावयाची आणि दांतेरी चाक फिरवून तिच्यावर ठिणगी पाडावयाची. दोरी धुमसूं लागते, ज्वाला होत नाहीं. वाऱ्यानें निखारा विझण्याऐवजीं अधिकच फुलतो, आणि रात्रीं शत्रूच्या नेमबाजाला उजेडहि फारसा दिसत नाहीं. महाराष्ट्रांतील जुन्या चिलीमवाल्याच्या चंचींतील चकमक, पोलाद आणि कापूस यांचाच हा भाऊबंद म्हणावयाचा. दुसरा प्रकार पेट्रोलचा. त्यांत पोकळींत कापूस, त्यांतून वर आलेली वात आणि वर टोपण असतें.

दोहोंतील चकमक मात्र दगडाची नव्हे. ती सेरियम व लोखंड यांच्या मिश्रधातूची कांडी असून, तिचा शोध ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनीं १९०३ सालीं लाविला. ही एकच गोष्ट ध्यानांत ठेवली तरी पुष्कळ फसवणूक टळते. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांतील म्हणून कोणी असा चाकाचा लायटर पुढें केला, तर त्याचें पितळ त्या युद्धांतील असूं शकेल, लायटर असूं शकणार नाहीं.

‘खंदकांतील कारागिरी’ हें नांव फ्रेंचांनीं रूढ केलें. पण तें जसेंच्या तसें खरें मानूं नये. गोळीबाराच्या टप्प्यांत बसून झाळकाम करणें बहुधा शक्य नसे. तेथें फार तर ॲल्युमिनियमची अंगठी घडे. लायटरास करवत, कानस, झाळ आणि कधीं कधीं चरकहि लागे. ही सामग्री आघाडीच्या मागें, तोफखान्याच्या व इंजिनियर पलटणींच्या कारखान्यांत असे. विश्रांतीस आलेले सैनिक, युद्धकैदी आणि आसपासच्या गांवांतील नागरिक असे वेगवेगळे हात या कामास लागले. या विषयाचे अभ्यासक निकोलस सॉन्डर्स यांनीं सैनिकांचें काम, नागरिकांचें काम आणि व्यापारी माल असे तीन वर्ग पाडले आहेत. युद्ध संपतांच रणभूमि पाहण्यास यात्रेकरू येऊं लागले आणि ईप्र, व्हर्दन हीं नांवें कोरलेल्या वस्तु त्यांना विकल्या जाऊं लागल्या. त्याहि जुन्या आहेत, परंतु सैनिकाच्या खिशांतल्या नव्हेत.

मग ओळखावें कसें? पहिलें साधन धातूवरील ठसा. ब्रिटिश रायफलीच्या पॉइंट ३०३ काडतुसाच्या बुडाशीं कारखान्याचीं अक्षरें आणि सालाचे आंकडे असतात. के आणि एफ या रोमन अक्षरांमध्यें बाणाची खूण दिसली, तर तें काडतूस पुण्याजवळील खडकीचें. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं स्थापन झाला. फ्रेंच तोफेच्या कवचावर ७५ या आंकड्यापुढें डी, ई आणि सी हीं अक्षरें आढळतात. नवखा संग्राहक त्यांचा अर्थ डिसेंबर १८७५ असा लावतो. वास्तविक ७५ मिलिमीटर व्यासाची मैदानी तोफ एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ठसा सांगतो तें धातूचें वय, कारागिरीचें नव्हे. १९१७ सालच्या काडतुसाचा लायटर १९३७ सालींहि करतां येतो. नाण्यांचेंहि तसेंच. दोन नाणीं जोडून केलेला लायटर त्यांतील अलीकडच्या नाण्यापेक्षां जुना असणार नाहीं. पुढचा मात्र कितीहि असूं शकेल.

दुसरें साधन कामाची जात. हातानें पाडलेलीं अक्षरें थोडीं वेडींवांकडीं असतात, झाळ कोठें जाड कोठें पातळ, आणि अंगठा टेकतो तेथें कडा झिजलेली. एकाच साच्यांतून निघाल्याप्रमाणें तंतोतंत सारखे दहा लायटर दिसले, तर ते कारखान्याचे समजावे. सर्वांत महत्त्वाची खूण कोरीव रेघेच्या आंत असते. पृष्ठभाग काळवंडलेला आणि रेघ मात्र लखलखीत, असें दिसलें कीं जुन्या पितळावर नवें नांव कोरलें गेलें आहे.

म्हणूनच असा लायटर देवघरांतील पितळेप्रमाणें चिंच लावून घासूं नये. चकाकी येईल, पण साक्ष पुसली जाईल. मऊ कोरड्या फडक्यानें धूळ झाडावी, जुनें पेट्रोल व कापूस काढून टाकावा आणि वस्तु कोरड्या जागीं ठेवावी. ज्या काडतुसांत दारू शिल्लक असण्याचा संशय आहे, त्यांस हात लावूं नये. तें काम जाणत्या अधिकाऱ्यांचें. बेल्जियमच्या शेतांत आजहि नांगराला न फुटलेले गोळे लागतात आणि ते नष्ट करण्यास लष्करी पथक जातें. तें युद्ध अद्याप सर्वस्वीं निवालेलें नाहीं.

लायटरावर एखाद्या सैनिकाचें नांव असलें तर राष्ट्रकुल युद्धसमाधि मंडळाच्या नोंदींत तें शोधतां येतें. परंतु तें सांपडलें म्हणजे त्या नांवाचा मनुष्य युद्धकाळांत मरण पावला, एवढेंच सिद्ध होतें. लायटर त्याचा होता हें नव्हे. वस्तु कोणाकडून आली, केव्हां आली, देणाऱ्यानें काय सांगितलें आणि त्यांतील ताडून पाहिलेलें किती, हें प्रत्येक संग्राहकानें चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवावें. जेथें माहिती संपते तेथें चिठ्ठीहि संपावी. पुढचें कल्पनेनें भरणें मोहक असतें, पण तो ज्याचें नांव घेतलें त्या मृताशीं अन्याय होय. बहुतेक लायटरांचा कर्ता कोण, हें कधींच कळणार नाहीं. पावसांत एक विडी पेटावी एवढ्यासाठीं त्यानें काडतुसाचें पितळ कानसलें. त्याला खोटें नांव देण्यापेक्षां निनांवी राहूं देणें, हाच त्याचा खरा मान आहे.