शस्त्रक्रियेपूर्वी औषधांची पिशवी



४ नोव्हेंबर १८४५ रोजी ज्या गावी वासुदेव बळवंत फडके जन्मले, त्या गावात येऊन गोळ्यांच्या वेळांविषयी बोलावे, हे कोणास किरकोळ वाटेल. परंतु रक्तदाबाची, मधुमेहाची वा संधिवाताची गोळी आज घरोघर रोज घेतली जाते; आणि त्याच घरात केव्हातरी मोतीबिंदूची, हर्नियाची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरते. या दोहोंची गाठ पडते तेथे काय करावे, एवढाच आमचा विषय आहे.

अशा वेळी घरात दोन मते निघतात. एक म्हणतो, उपाशीपोटी जायचे तर गोळी कसली? सगळे बंद! दुसरा म्हणतो, जन्मभर घ्या म्हणून सांगितले आहे, तेव्हा एक दिवसही खाडा नको. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या सत्यानेच येथे घात होतो.

बंद केल्याने काय होते ते प्रथम पाहू. संधिवातासाठी कॉर्टिसोन घेणारा एक रोगी शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळून दगावल्याची हकीकत १९५२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहान ग्रंथी संकटकाळी शरीराला जो रस पुरवितात, तोच रस बाहेरून बरेच दिवस मिळाला की त्या ग्रंथी आळशी होतात. मग ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरचा पुरवठा तुटला, तर त्या उभ्या राहू शकत नाहीत. म्हणून स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने कधीही सोडू नये. अपस्माराची गोळी, तसेच हृदयाची गती आवरणाऱ्या अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्याही एकाएकी तोडणे घातक आहे. अशी औषधे बहुधा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर देतात. उपास मोडेल म्हणून भिण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू. अॅस्पिरिन रक्तातील बिंबिकांना जन्माचे लुळे करते, आणि बिंबिकेचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते. तेव्हा आदल्या रात्री गोळी चुकविल्याने काहीच साधत नाही. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन थांबवायचे ठरले तर ते साधारण पाच दिवस आधी थांबवावे लागते. मात्र ज्याच्या हृदयात नुकताच स्टेंट बसविला आहे, त्याने ते परस्पर थांबविले तर रक्त गोठून तीच नळी बुजू शकते. उलट मोतीबिंदूसाठी ही औषधे बहुधा चालूच ठेवतात. म्हणजे निर्णय गोळीबरोबर शस्त्रक्रियेवर आणि रोग्यावरही अवलंबून असतो. तो हृदयाच्या डॉक्टरांनी, सर्जनने आणि भूलतज्ज्ञाने मिळून घ्यावयाचा, शेजाऱ्याने नव्हे.

मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्यात, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिली. साखर फारशी वाढलेली नसतानाही या गोळ्यांमुळे रक्तात आम्ल साचू शकते, आणि मोजणीचा आकडा पाहून सगळेच फसतात. इन्सुलिनचे प्रमाण त्या दिवशी बदलावे लागते. जेवण नाही म्हणून ते पुरते बंद करणे काही रोग्यांच्या जिवावर बेतते.

काही औषधांच्या बाबतीत चालू की बंद हा प्रश्नच दुय्यम असतो. वयस्क पुरुष लघवीसाठी टॅमसुलोसिन घेतात. तिचा डोळ्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु तिच्यामुळे मोतीबिंदू काढताना बाहुलीभोवतालचा पडदा ढिला पडतो, हे २००५ साली नोंदले गेले. गोळी सोडूनही हा परिणाम राहू शकतो. पण सर्जनला आधी कळले तर तो तयारीने बसतो. येथे सांगणे हेच औषध आहे.

आणि सांगायचे ते सगळे. आपल्या शेजारच्या पनवेलीत १८७२ पासून धूतपापेश्वराचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना आहे. काढे, चूर्णे, भस्मे यांना आपण परके मानीत नाही, आणि म्हणूनच ती औषधे आहेत हेही विसरतो. लसणाच्या गोळ्यांसारख्या काही वनस्पतिज औषधांनीही रक्तस्राव वाढू शकतो. वैद्यांनी दिलेली पुडी डॉक्टरांपासून लपवू नये, आणि डॉक्टरांनीही ती पाहून रागावू नये. रागावले की रोगी पुढच्या वेळी खरे सांगत नाही.

तेव्हा तारीख ठरताच घरातील सर्व औषधे, इन्सुलिन, दम्याचा पंप, डोळ्यांचे थेंब, पुड्या, एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञापुढे ठेवा. प्रत्येकाविषयी तीन प्रश्न विचारा: त्या सकाळी घ्यायचे का? थांबवायचे तर कोणत्या तारखेपासून? आणि पुन्हा केव्हा सुरू करायचे? हा तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि जखम भरली तरी थांबविलेली गोळी महिनोन्महिने थांबलेलीच राहते. उत्तरे मराठीत, ठळक अक्षरांत, तारखांसह लिहून मागा. ती लिहून देणे हा रुग्णालयाचा उपकार नव्हे, ते त्याचे काम आहे.