रॉस बेटाचा हजेरीपट



आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा एका दिवसाच्या सहलीत जे पाहिले आणि जे मनाला लागले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

निवृत्त गिरणी कामगारांची एक तुकडी घेऊन आम्ही अंदमानला गेलो होतो. २०२४ साली ज्याचे नाव श्रीविजयपुरम झाले, त्या पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावरून लाँच सुटली आणि थोड्याच वेळात रॉस बेटाला लागली. २०१८ पासून या बेटाला नेताजींचे नाव आहे. १८५८ पासून १९४२ पर्यंत अंदमानावरील इंग्रजी अंमलाचे मुख्य ठाणे हेच. चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी, टेनिसचे मैदान; सारा थाट होता. आज छपरे गेली आहेत आणि भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी विळखा घातला आहे. हरणे निर्धास्त हिंडतात. १९४१ च्या जूनमधील भूकंपाने ठाणे खिळखिळे केले, आणि २३ मार्च १९४२ रोजी जपानी फौजा अंदमानात उतरल्या. त्यांचे काँक्रीटचे बंकर अजून उभे आहेत.

वाटाड्या बंगल्यात कोणता साहेब राहिला ते सांगत होता. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या जॉबरने विचारले, "दादा, पण हे बांधलं कुणी?"

"कैद्यांनी."

"त्यांची नावं?"

वाटाड्या हसला आणि पुढे चालू लागला.

मंडळी, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. १८५८ च्या मार्चमध्ये पहिले दोनशे कैदी इथे आणले गेले. जंगल त्यांनी तोडले, दगड त्यांनी वाहिले. पुढे युद्धात धनी बदलला. आशियाच्या मुक्तीची घोषणा करीत आलेल्या नव्या धन्यानेही विमानतळासाठी माणसे वेठीला धरली. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, तेव्हा डॉ. दिवाणसिंग सेल्युलर जेलमध्ये जपान्यांचा छळ सोसत होते. १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. ३० जानेवारीला होमफ्रेगंज येथे हेरगिरीच्या आरोपाखाली ४४ जणांना गोळ्या घातल्या. झेंडा कोणाचा हा प्रश्न मोठा खराच. पण त्या झेंड्याखाली राबणाऱ्याला माणूस म्हणून मोजतात की नाही, हा त्याहून लहान नाही.

आपण म्हणाल, जुनी गोष्ट आहे. आमच्या माहितीतल्या एका गिरणीला टाळे लागले, तेव्हा तिची हजेरीपुस्तके रद्दीत गेली. देणी मागायची वेळ आली, तेव्हा तीस-तीस वर्षे राबल्याचा पुरावा कामगारालाच आणावा लागला. कोणी जुनी पगारपावती जपली होती, कोणी गेटपास. ज्याच्याजवळ काहीच नव्हते, तो नुसते हात दाखवीत होता. प्रश्न विचारणारा तो जॉबर त्यांपैकीच एक.

परतीची लाँच सुटताना तो एका भिंतीपाशी उभा होता. विटांचे सांधे बोटांनी चाचपून म्हणाला, "काम चोख आहे." त्या कैद्यांना मिळालेली तेवढीच पावती.

आपण त्या बेटावर अवश्य जा. फोटो काढा, हरणे पाहा. मात्र त्या म्हाताऱ्याचा प्रश्न तिथे पुन्हा विचारा. आणि परत आल्यावर आपल्या गावात, जुन्या धरणापाशी, बंद गिरणीच्या फाटकापाशीही विचारा. विचारणारे राहिले, तर निदान यापुढचे हजेरीपट रद्दीत जाणार नाहीत.